समोर लिंबूटिंबू संघ असताना...

१७ मार्च २००७ हा दिवस भारतीय क्रिकेटरसिकांना आजही आठवायला नको वाटतो. विश्वचषक स्पर्धेच्या साखळी सामन्यात पोर्ट ऑफ स्पेन येथे बांगलादेशाने भारताला पाच गडी राखून पराभूत केले आणि भारताचे आव्हान पहिल्याच फेरीत संपुष्टात येण्याची ती नांदी ठरली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठावर तशीच वेळ आली. अ‍ॅन आर्बर येथील स्वतःच्या मैदानावर, एक लाख नऊ हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या साक्षीने, देशात पाचवे मानांकन असलेल्या मिशिगनच्या फुटबॉल संघाला नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अ‍ॅपलाचियन स्टेट या खालच्या विभागातील विद्यापीठाने ३४-३२ असे हरवले. विशेष म्हणजे हा सामना खेळायला यावे म्हणून मिशिगननेच पाहुण्यांना चार लाख डॉलर मोजले होते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये दर मोसमात अशा कितीतरी विषम लढती ठरवून आयोजित केल्या जातात. त्यांतील बहुतेक एकतर्फी होतात, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांना चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. तरीही दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नेमके कसे खेळावे, हा तेथील प्रशिक्षकांच्या दृष्टीने बाहेरून दिसतो तितका सोपा प्रश्न नाही. कारण बलाढ्य संघाला अशा सामन्यातून केवळ विजय नको असतो. त्याला आपले डावपेच झाकून ठेवायचे असतात, मुख्य खेळाडू जायबंदी होऊ द्यायचे नसतात आणि राखीव खेळाडूंना मैदान दाखवायचे असते. या साऱ्या हेतूंचा विजयाशी मेळ बसतोच असे नाही, आणि घात होतो तो बहुधा तेथेच.

खेळाची तोंडओळख

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर हे नाव आहे. तिकडचा फुटबॉल हा लंबगोल चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला अंग भिडवून खेळण्याचा खेळ. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान आणि प्रत्येकी १५ मिनिटांचे चार भाग, म्हणजे क्वार्टर. ज्या संघाकडे चेंडूचा ताबा असेल त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. या प्रत्येक संधीला डाउन म्हणतात. दहा यार्ड कापले की नव्याने चार संधी मिळतात. न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. म्हणूनच चौथ्या डाउनला बहुतेक संघ धोका न पत्करता लाथेने चेंडू दूर टोलवतात, हा पंट. गोलखांब आवाक्यात असतील तर फील्ड गोलचा प्रयत्न होतो आणि तो साधल्यास तीन गुण मिळतात. चेंडू अखेरच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन होतो. त्याचे सहा गुण, आणि त्यानंतर किक मारून एक किंवा आणखी एक चाल खेळून दोन जादा गुण मिळवता येतात.

संपूर्ण आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅक या खेळाडूच्या हाती असतात. चेंडू कोणाकडे द्यायचा, कोणाकडे फेकायचा, हे तो ठरवतो. त्याने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला किंवा धावणाऱ्याच्या हातून तो निसटून प्रतिस्पर्ध्याला मिळाला, तर ताबा तत्क्षणी पलीकडे जातो. विषम लढतींच्या निकालात या ताबा गमावण्याला फार महत्त्व आहे, हे पुढे दिसेलच.

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना या खेळाचे नियम समजायला एखादा मोसम लागतो. शनिवारी सामन्याच्या दिवशी सारे गाव रस्त्यावर का येते, हे मात्र पहिल्याच आठवड्यात समजते.

पैसे मोजून प्रतिस्पर्धी

महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च विभागाला एफबीएस म्हणतात आणि त्यात १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत. त्याखालचा विभाग एफसीएस. वरच्या विभागातील संघांना २०२४ पर्यंत ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देण्याची मुभा होती, तर खालच्या विभागात ही मर्यादा ६३ शिष्यवृत्तींइतकी होती. मैदानावर उतरणाऱ्या पहिल्या अकरा जणांत हा फरक कदाचित फारसा जाणवत नाही. सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये, दमलेल्या खेळाडूच्या जागी ताजा माणूस आणायची वेळ आली, की तो ठळकपणे दिसतो.

साधारणपणे बारा सामन्यांच्या मोसमात आठ-नऊ सामने आपापल्या गटातील संघांशी खेळावे लागतात. उरलेले तीन-चार प्रतिस्पर्धी विद्यापीठाने स्वतः निवडायचे असतात. मोठ्या विद्यापीठाला घरच्या मैदानावर एक जादा सामना हवा असतो, कारण त्याच्या तिकिटविक्रीचे उत्पन्न मोठे असते. शिवाय मोसमानंतरच्या बाउल सामन्यांसाठी पात्र ठरायला सहा विजय लागतात आणि त्यांत काही अटींवर एफसीएस संघावरील एक विजय धरला जातो. लहान विद्यापीठाला पैसा हवा असतो. एका शनिवारी खाल्लेल्या मारातून मिळालेल्या धनादेशावर तेथील इतर खेळांचा वर्षभराचा बराच खर्च भागतो. २०१७ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील संघाने हॉवर्ड विद्यापीठाला सहा लाख डॉलर देऊन बोलावले होते. सट्टेबाजांच्या अंदाजाने हॉवर्ड ४५ गुणांनी हरणार होते. प्रत्यक्षात ते ४३-४० असे जिंकले.

दैवाला वाव किती?

दुबळ्या संघाविरुद्धच्या व्यूहरचनेच्या मुळाशी एक साधे गणित आहे. दोन मल्लांपैकी एक थोडा सरस आहे आणि दहापैकी सहा कुस्त्या तो मारतो, असे समजा. एकाच कुस्तीवर निकाल लागणार असेल तर त्याच्या विजयाची शक्यता ६० टक्के. तीनपैकी दोन जिंकायच्या असतील तर ती सुमारे ६५ टक्क्यांवर जाते आणि सातपैकी चार जिंकायच्या असतील तर ७१ टक्क्यांवर. दोघांच्या ताकदीत काहीच बदल झालेला नाही. फक्त झुंजींची संख्या वाढली आणि दैवाला मिळणारा वाव कमी झाला. क्रिकेटमध्ये हेच आपण पाहतो. २००७ च्या पहिल्या ट्वेन्टी-२० विश्वचषकात केपटाऊन येथे झिम्बाब्वेने ऑस्ट्रेलियाला हरवले. पाच दिवसांच्या कसोटीत त्या झिम्बाब्वेला तशी संधी मिळण्याची शक्यता फारच थोडी होती.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला चेंडूचा ताबा साधारणपणे बारा-तेरा वेळा येतो. ही संख्या जितकी जास्त तितके बलाढ्य संघाचे पारडे जड. म्हणून सरस संघाने वेगाने खेळावे, दोन चालींमधील वेळ कमी ठेवावा, प्रतिस्पर्ध्याला दम घेऊ देऊ नये. आणि दुबळ्याने घड्याळाचा काटा पळत राहील अशी तजवीज करावी, हे ओघानेच आले. दुबळ्या संघाच्या दृष्टीने दुसराही एक मार्ग असतो. सरासरीने पाहता तोट्याचे, पण साधले तर मोठा लाभ देणारे डाव तो खेळू शकतो: लांब पल्ल्याची फेक, फसवी चाल, चौथ्या डाउनला पंट न करता पुढे जाणे. सरळ खेळून हार निश्चित असेल तर जुगार खेळण्यात त्याचे काही जात नाही. बलाढ्य संघाने मात्र या जुगारात भागीदार होऊ नये.

२०२३ मध्ये नियमांत एक बदल झाला. त्यापूर्वी दहा यार्ड पूर्ण झाले की घड्याळ क्षणभर थांबत असे. आता प्रत्येक अर्धाची शेवटची दोन मिनिटे वगळता ते चालूच राहते. सामना आटोपशीर व्हावा, खेळाडूंच्या अंगावरचा भार कमी व्हावा, हा त्यामागील विचार. पण चालींची संख्या घटली की वरच्या गणितानुसार थोडा लाभ दुबळ्यालाच होतो, हे त्या बदलाच्या चर्चेत फारसे कोणी बोलून दाखवले नाही.

चेंडू दडवून ठेवण्याची कला

हे तत्त्व सर्वात चांगले कोणी वापरले असेल तर ते प्रशिक्षक जेफ मंकेन यांनी. २०१३ मध्ये ते जॉर्जिया सदर्न या तेव्हा एफसीएस विभागात असलेल्या संघाचे प्रशिक्षक होते. २३ नोव्हेंबर २०१३ रोजी गेन्सव्हिल येथे त्यांच्या संघाने फ्लोरिडा विद्यापीठाला २६-२० असे हरवले. त्या सामन्यात जॉर्जिया सदर्नने चेंडू फेकण्याचा प्रयत्न केवळ तीनदा केला आणि तिन्ही फेका वाया गेल्या. फेकीतून एक यार्डही न मिळवता, केवळ धावून त्यांनी ४२९ यार्ड कापले.

त्यांचे शस्त्र होते ट्रिपल ऑप्शन. या पद्धतीत चाल सुरू झाल्यावर क्वार्टरबॅकपुढे तीन पर्याय असतात: मधून घुसणाऱ्या फुलबॅकच्या हाती चेंडू देणे, स्वतः घेऊन पळणे किंवा बाजूने धावणाऱ्या सहकाऱ्याकडे तो टाकणे. समोरच्या एक-दोन बचावपटूंना मुद्दामच अडवले जात नाही. ते कोणावर झेपावतात हे पाहून क्वार्टरबॅक उलट पर्याय निवडतो. त्यामुळे अवाढव्य बचावपटूंना बळाने हटवण्याची गरज कमी होते आणि हलक्या अंगाचे खेळाडूही त्यांच्यासमोर टिकाव धरतात. प्रत्येक चालीत चार-पाच यार्ड मिळतात आणि घड्याळ थांबत नाही. त्यात प्रतिस्पर्ध्याची अडचण अशी की, ही पद्धत त्याला वर्षातून एखाद्याच वेळी पाहायला मिळते आणि तयारीला उणापुरा आठवडा असतो. सरावात ट्रिपल ऑप्शनची नक्कल करणारे राखीव खेळाडूही त्या सफाईने ती करू शकत नाहीत.

मंकेन २०१४ मध्ये लष्करी अकादमीच्या, म्हणजे आर्मीच्या संघाकडे गेले. २२ सप्टेंबर २०१८ रोजी पाचव्या मानांकित ओक्लाहोमाविरुद्ध त्यांच्या संघाने साठपैकी ४४ मिनिटांहून अधिक काळ चेंडू आपल्याकडे ठेवला. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक कायलर मरे त्या मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक जिंकणार होता. पण मैदानाबाहेर बसलेला क्वार्टरबॅक काय करणार? ओक्लाहोमाला जेमतेम चाळीस चाली मिळाल्या. बरोबरी झाल्याने सामना जादा वेळेत गेला आणि ओक्लाहोमा २८-२१ असे कसेबसे सुटले. आर्मी हरली खरी, परंतु बलाढ्य संघाला खेळूच न देण्याच्या डावाचा हा नमुना अनेक प्रशिक्षकांनी बारकाईने अभ्यासला असणार.

आधी सामना संपवा

यावर बलाढ्य संघाचा उपाय काय? पहिला उपाय म्हणजे लवकर आघाडी घेणे. दोन टचडाउनने मागे पडलेल्या संघाला घड्याळ पळवणे परवडत नाही. त्याला चेंडू फेकावा लागतो, आणि फेक चुकली की घड्याळ थांबते, झेलली गेली की ताबाच जातो. थोडक्यात, त्याची आवडती पद्धत त्याला सोडावी लागते. म्हणूनच पहिल्या दोन-तीन ताब्यांत बलाढ्य संघाने पूर्ण ताकदीने खेळावे, असा संकेत आहे. ‘हळूहळू रंगात येऊ’ हा विचार अशा सामन्यात घातक ठरतो.

दुसरा उपाय बचावाचा. आक्रमक बचाव, म्हणजे क्वार्टरबॅकवर जास्त माणसे सोडून त्याला जमीनदोस्त करणे, प्रेक्षकांना आवडते. पण त्यात पाठीमागे मैदान मोकळे राहते आणि एकाच फेकीत ६०-७० यार्डांचा टचडाउन होण्याचा धोका असतो. दुर्बळ संघाला हवी असते ती नेमकी अशी झटपट कमाई. त्याऐवजी दोन बचावपटू खोलवर ठेवावेत, चार-पाच यार्ड द्यावेत आणि गुण मिळवण्यासाठी त्याला दहा-बारा चाली खेळायला लावाव्यात. एवढ्या लांब मजलेत कोठेतरी दंड होतो, चेंडू निसटतो, एखादा झेल सुटतो. संयम हेच येथे बलाढ्य संघाचे हत्यार. मात्र समोर ट्रिपल ऑप्शन असेल तर हा उपाय उलटतो, कारण चार-चार यार्डच त्याला हवे असतात. तेथे प्रत्येक बचावपटूला एकच माणूस नेमून दिला जातो आणि चेंडू कोठेही जावो, त्याने आपल्या माणसाला सोडायचे नाही, अशी सक्त ताकीद असते.

चौथ्या डाउनबाबत मात्र सर्वसाधारण समजूत चुकीची असावी, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. बलाढ्य संघाने सावध राहावे म्हणजे पंट करावा, असे अनेकांना वाटते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रोमर यांनी व्यावसायिक फुटबॉलच्या आकडेवारीवरून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, संघ चौथ्या डाउनला गरजेपेक्षा फार जास्त वेळा किक मारतात, असा निष्कर्ष काढला होता. समोरचा बचाव दुबळा असेल तर उरलेले एक-दोन यार्ड मिळण्याची शक्यता आणखी वाढते. अशा वेळी पंट करणे म्हणजे मोजक्या ताब्यांपैकी एक आपण होऊन सोडून देणे. सावधगिरी आणि भित्रेपणा यांत फरक आहे.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे चेंडू जपणे. ६ ऑक्टोबर २००७ रोजी लॉस एंजलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ विरुद्ध स्टॅनफर्ड हा सामना झाला. स्टॅनफर्डने आदल्या मोसमात बारापैकी एकच सामना जिंकला होता आणि सट्टेबाज त्यांना ४१ गुणांनी मागे धरत होते. दुसरे मानांकन असलेला यजमान संघ घरच्या मैदानावर सलग ३५ सामने जिंकून उतरला होता. त्याचा क्वार्टरबॅक जॉन डेव्हिड बूटी याच्या फेकत्या हाताचे बोट सामन्यातच मोडले. तरीही त्याला खेळवत ठेवण्यात आले आणि त्याच्या चार फेका प्रतिस्पर्ध्याने झेलल्या. स्टॅनफर्डने ४९ सेकंद उरले असताना, चौथ्या डाउनला टचडाउन केला आणि सामना २४-२३ असा जिंकला. दुबळ्या संघाशी खेळताना जखमी मुख्य खेळाडूपेक्षा धडधाकट राखीव खेळाडू अधिक विश्वासाचा, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात आले नाही.

अलीकडचे उदाहरण नोट्र डेमचे. ७ सप्टेंबर २०२४ रोजी पाचव्या मानांकित नोट्र डेमने १४ लाख डॉलर देऊन बोलावलेल्या नॉर्दर्न इलिनॉय संघाविरुद्ध अखेरच्या क्वार्टरमध्येही १४-१३ अशी आघाडी राखली होती. सहाएक मिनिटे शिल्लक होती, चेंडूही त्यांच्याच ताब्यात होता. धावून, वेळ खाऊन, निदान प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ढकलणे एवढेच करायचे होते. क्वार्टरबॅक रायली लेनर्डने लांब फेक केली आणि ती झेलली गेली. नॉर्दर्न इलिनॉयने मग घाई न करता यार्ड कापत नेले आणि ३१ सेकंद उरले असताना ३५ यार्डांवरून फील्ड गोल साधला. निकाल १६-१४. राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत २०२३ पर्यंत चारच संघांना प्रवेश असे आणि तेव्हा अशा एका पराभवाने मोसम जवळजवळ संपला असता. २०२४ पासून बारा संघ घेतले जाऊ लागले म्हणून नोट्र डेम वाचले आणि पुढचे सारे सामने जिंकत जानेवारी २०२५ मधील अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथे ओहायो स्टेटने त्यांना ३४-२३ असे हरवले.

झाकली मूठ

प्रत्येक सामन्याचे चित्रीकरण पुढचे प्रतिस्पर्धी बारकाईने पाहतात. त्यामुळे सप्टेंबरमध्ये एखाद्या लहान विद्यापीठाविरुद्ध आपल्या खास चाली वापरून टाकणे प्रशिक्षकांना परवडत नाही. खास चाली मोठ्या सामन्यासाठी राखून ठेवायच्या आणि आज मोजक्या, साध्या, घोटलेल्या चालींवर भागवायचे, हा प्रघात आहे. त्यात तथ्यही आहे. मोजक्या चाली सफाईने खेळल्या तर चुकाही कमी होतात. पण सामना चुरशीचा झाला की मूठ उघडायला उशीर होतो. तीन क्वार्टर एकाच लयीत खेळलेल्या संघाला अचानक वेग बदलणे जमत नाही आणि तोवर समोरच्याचा आत्मविश्वास दुणावलेला असतो.

मुख्य खेळाडू केव्हा बाहेर काढावेत?

हा प्रश्न सर्वात नाजूक. एका ताब्यात जास्तीत जास्त आठ गुण मिळू शकतात. त्यामुळे १७ गुणांची आघाडी तोडायला प्रतिस्पर्ध्याला किमान तीन ताबे लागतात आणि २५ गुणांची तोडायला चार. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस पंचवीसच्या वर आघाडी असेल तर राखीव खेळाडू उतरवण्यास हरकत नसते. २०१८ पासून नवख्या खेळाडूला एका मोसमात चार सामन्यांपर्यंत खेळवले तरी त्याच्या पात्रतेचे वर्ष वाया जात नाही. त्यामुळे अशा सामन्यांना प्रशिक्षणशाळेचेही महत्त्व आले आहे.

गणित सोपे असले तरी निर्णय सोपा नसतो. २६ सप्टेंबर २००९ रोजी केंटकीविरुद्ध फ्लोरिडाकडे ३१-७ अशी आघाडी असताना तिसऱ्या क्वार्टरमध्ये टिम टीबो मैदानावर होता. जोरदार धडकेने त्याच्या मेंदूला मार बसला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. तो पुढच्याच सामन्यात परतला, हे फ्लोरिडाचे सुदैव. अलाबामाचे नव्हते. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी मिसिसिपी स्टेटविरुद्ध मध्यंतरापूर्वीच ३५-७ अशी आघाडी झाली होती. क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ घोट्याच्या शस्त्रक्रियेतून नुकताच सावरत होता. त्याला बाहेर काढायचे ठरत आले होते, पण मध्यंतरापूर्वीच्या अखेरच्या मिनिटांतील खेळाचा सराव व्हावा म्हणून आणखी एकदा उतरवण्यात आले. त्याच वेळी त्याच्या नितंबाचा सांधा निखळला आणि त्याचा मोसम संपला. दोन आठवड्यांनी अलाबामा ऑबर्नकडून ४८-४५ असे हरले आणि चार संघांची बाद फेरी २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून प्रथमच त्यांना तीत स्थान मिळाले नाही. प्रशिक्षक निक सेबन यांच्यावर टीका झाली. निकाल माहीत झाल्यावर टीका करणे सोपे, हे मान्य. पण २८ गुणांच्या आघाडीवर त्या सरावाची किंमत काय होती, हा प्रश्न उरतोच.

२२२-०

आघाडी किती वाढवावी याला मर्यादा असावी का? ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटा येथे जॉर्जिया टेकने कंबरलँड महाविद्यालयाला २२२-० असे हरवले. कंबरलँडने आपला फुटबॉल संघ बंद केला होता, परंतु ठरलेला सामना रद्द केल्यास मोठी भरपाई द्यावी लागली असती, म्हणून कशीबशी मुले गोळा करून ते आले. जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक होते जॉन हाइजमन. आज ज्यांच्या नावाने सर्वोत्तम खेळाडूचा करंडक दिला जातो, ते हेच. त्यापूर्वी कंबरलँडने बेसबॉलमध्ये त्यांच्या संघाला २२-० असे हरवले होते आणि तो सल त्यांच्या मनात होता, असे सांगितले जाते. मध्यंतराला १२६-० अशी स्थिती होती. उत्तरार्धाचा वेळ अखेर कमी करण्यात आला.

दोन्ही प्रशिक्षक आणि पंच यांच्या संमतीने उरलेला वेळ कमी करण्याची तरतूद आजही नियमांत आहे. त्याचा उपयोग क्वचित होतो. गुणांचा डोंगर रचण्यामागे नेहमी सूडबुद्धीच असते असेही नाही. १९९८ ते २०१३ या काळात अंतिम सामन्याचे संघ बीसीएस या पद्धतीने ठरत. त्यात संगणकीय क्रमवारीचा भाग होता आणि सुरुवातीच्या काही क्रमवारींत विजयाचे अंतरही मोजले जाई. साहजिकच दुबळ्यांना तुडवण्याला उत्तेजन मिळत होते. २००२ पासून हे अंतर हिशेबातून वगळण्यात आले. मतदान करणाऱ्या माणसांच्या मनातून ते वगळणे अर्थातच कोणाला शक्य नव्हते.

या साऱ्यात पाहुण्या संघातील विद्यार्थ्याचा विचार फार कमी होतो. आपल्यापेक्षा वजनाने, उंचीने, संख्येने वरचढ संघासमोर तो साठ मिनिटे अंग झोकून देतो आणि त्याच्या बदल्यात आलेल्या पैशांतून विद्यापीठाची इतर मैदाने सांभाळली जातात. यजमान संघाने चौथ्या क्वार्टरमध्ये राखीव खेळाडू उतरवले, चेंडू फेकणे थांबवून घड्याळ पळू दिले, तर त्यात केवळ सौजन्य नसते. दमलेल्या, बदली खेळाडू संपलेल्या संघात दुखापतीचा धोका वाढलेला असतो आणि सामना लवकर संपणे दोघांच्याही हिताचे असते.

पुन्हा मिशिगन

मिशिगनच्या त्या २००७ मधील सामन्यात चुका नेमक्या कोठे झाल्या? मध्यंतराला अ‍ॅपलाचियन स्टेट २८-१७ असे पुढे होते; म्हणजे ‘आधी सामना संपवा’ हे सूत्र यजमानांनी नव्हे, पाहुण्यांनी पाळले. मैदानभर पसरून खेळण्याच्या त्यांच्या शैलीला आणि क्वार्टरबॅक अर्मांटी एडवर्ड्सच्या चपळाईला मिशिगनच्या धिप्पाड बचावफळीकडे उत्तर नव्हते. उत्तरार्धात मिशिगनने दोन टचडाउननंतर प्रत्येकी दोन जादा गुणांसाठी प्रयत्न केले आणि दोन्ही फसले. त्या क्षणीच्या हिशेबाने ते निर्णय चुकीचे म्हणता येणार नाहीत. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र त्यांचे फील्ड गोलचे दोन प्रयत्न अडवले गेले आणि त्याला दैव म्हणणे कठीण आहे. किकच्या वेळी आपल्या फळीतून माणूस आत येऊ न देणे, हा सरावाचा भाग आहे. शिवाय समोरचा संघ लिंबूटिंबू नव्हताच. अ‍ॅपलाचियन स्टेटने २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे आपल्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते.

मिशिगनने ३० ऑगस्ट २०१४ रोजी त्याच संघाला पुन्हा अ‍ॅन आर्बरला बोलावले आणि ५२-१४ असे हरवले. तोपर्यंत अ‍ॅपलाचियन स्टेट एफबीएस विभागात दाखल झाले होते. १० सप्टेंबर २०२२ रोजी ते टेक्सासमध्ये कॉलेज स्टेशन येथे सहाव्या मानांकित टेक्सास ए अँड एम संघाविरुद्ध उतरले. ४१ मिनिटांहून अधिक काळ त्यांनी चेंडू आपल्याकडेच ठेवला, यजमानांच्या वाट्याला अवघ्या ३८ चाली येऊ दिल्या आणि सामना १७-१४ असा जिंकून ते परतले.